ज्वालामुखीच्या राखेनं विमान अडलं, तर क्रूझचं जहाज कसं गाठायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझचं बुकिंग कधीच झालेलं असतं, विमानाची तिकिटं हातात असतात, बॅगा अर्ध्या भरलेल्या असतात, आणि निघायच्या तीन-चार दिवस आधी बातमी येते की अमुक ज्वालामुखीतून राखेचा लोट उठलाय. खालचे प्रश्न त्या तीन-चार दिवसांतले आहेत. त्यांच्या उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, कारण बहुतेकांची जहाजं तिथेच चुकतात: विमानकंपनी काय ठरवते याची वाट पाहत बसू नका. तुमचा निर्णय किती वाजता घ्यायचा, ते आधीच ठरवून ठेवा.

राखेमुळे विमानं का थांबवतात? ढगातून जातातच की.

राख म्हटलं की आपल्याला चुलीतली मऊ राख आठवते. ही राख तशी नसते. माझी बहीण आणि भावोजी सिसिलीत जहाज पकडायला गेले होते, तेव्हा एटना राख ओकत होता. परत आल्यावर ताईनं बॅगेच्या चाकांत अडकलेली राख टाचणीनं कागदावर काढून दाखवली. काळी, बारीक वाळूसारखी. दोन बोटांत चोळली तर टोचते. ते खडकाचे आणि काचेचे कण असतात, पाण्यात विरघळत नाहीत. जेट इंजिनाच्या आतली उष्णता त्यांतली काच वितळवायला पुरेशी असते. वितळलेली काच पुढे टर्बाइनच्या पात्यांवर थिजते, हवेची वाट कोंडते आणि इंजिन बंद पडतं.

२४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ जावा बेटाजवळ गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. बरंच खाली आल्यावर, राखेतून बाहेर पडल्यावर ती पुन्हा सुरू झाली. जाकार्ताला उतरताना समोरची काच राखेनं इतकी घासली गेली होती की वैमानिकांना धावपट्टी धड दिसत नव्हती. १५ डिसेंबर १९८९ ला अलास्कात रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत केएलएमच्या विमानाचंही असंच झालं. दोन्ही वेळा सगळे वाचले. विमानातलं हवामानाचं रडार पावसाचे थेंब टिपतं, राखेचे बारीक कण त्याला नीट दिसत नाहीत. म्हणून ‘जाऊन तर बघू’ असा पर्याय इथे नसतो, आणि काउंटरवरच्या माणसाशी वाद घालूनही काही हाती लागत नाही.

उद्रेक झाला म्हणजे विमानं बंद होणारच का?

नाही. आइसलंडच्या रेक्यानेस द्वीपकल्पावर २०२१ पासून बरेच उद्रेक झाले. ग्रिंडाविक गाव रिकामं करावं लागलं. पण ते मुख्यतः लाव्हाचे उद्रेक होते, राख फार कमी होती, आणि जवळचाच केफ्लाविक विमानतळ चालू राहिला. उलट २०१० मध्ये एयाफ्याट्लायोकुट्ल ज्वालामुखीवर बर्फ होतं. लाव्हा आणि वितळलेलं पाणी एकत्र आलं की स्फोट होतात आणि लाव्हाची बारीक भुकटी होऊन वर उडते. त्यात वारा युरोपच्या दिशेनं होता, म्हणून तिथली विमानं थांबली.

तेव्हा बातमीतला लाव्हाचा लालभडक व्हिडिओ बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी पाहा: राख निघतेय का, किती उंच जातेय, आणि वारा कुठे नेतोय. अंतरावर विसंबू नका. जून २०११ मध्ये चिलीतल्या पुयेवे-कॉर्दोन काउये ज्वालामुखीच्या राखेनं ऑस्ट्रेलियातली विमानं थांबवली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातल्या हायली गुब्बीची राख तांबडा समुद्र ओलांडून थेट उत्तर भारतावर आली.

असा खोळंबा किती दिवस चालतो?

काही तासांपासून आठवडाभरापर्यंत. एटनामुळे सिसिलीतल्या कातानियाचा विमानतळ बहुतेकदा काही तास बंद राहतो. २०१७ च्या नोव्हेंबरात आगुंग ज्वालामुखीमुळे बालीचा विमानतळ सुमारे अडीच दिवस बंद होता. एप्रिल २०१० मध्ये मात्र आइसलंडच्या एयाफ्याट्लायोकुट्लचा १४ तारखेला मोठा उद्रेक झाला, १५ पासून युरोपचं बरंचसं आकाश बंद झालं आणि ते सुरळीत उघडायला जवळजवळ आठवडा गेला. त्यात सुमारे १ लाख उड्डाणं रद्द झाली आणि १ कोटीच्या आसपास प्रवासी अडकले.

त्यानंतर नियम बदलले. आधी राख दिसली की आकाश बंद, असा प्रकार होता. आता हवेत राख किती दाट आहे हे पाहिलं जातं आणि उडायचं की नाही याचा बराचसा निर्णय कंपन्यांनी आधी केलेल्या तयारीवर ठरतो. २०११ च्या मे महिन्यात आइसलंडचाच ग्रिम्सव्होट्न ज्वालामुखी आदल्या वर्षीपेक्षा जोरात फुटला, पण तेव्हा सुमारे ९०० उड्डाणंच रद्द झाली. म्हणजे २०१० सारखा आठवडा पुन्हा येणं अवघड आहे, अशक्य नाही. तुम्ही दोन ते तीन दिवसांचा खोळंबा धरून चाला.

आणि आकाश उघडल्याच्या क्षणी तुमचं विमान निघत नाही, हेही लक्षात घ्या. विमानं आणि कर्मचारी भलत्याच ठिकाणी अडकलेले असतात, आणि ज्यांची विमानं आधी रद्द झाली ते तुमच्या पुढे रांगेत असतात.

खात्रीची माहिती कुठे मिळेल?

जगभरात ज्वालामुखीच्या राखेवर नजर ठेवणारी नऊ सल्लाकेंद्रं आहेत: लंडन, तुलूझ, अँकरेज, वॉशिंग्टन, मॉन्ट्रियल, डार्विन, तोक्यो, वेलिंग्टन आणि ब्वेनोस आयरेस. प्रत्येकाचा प्रदेश ठरलेला आहे. आइसलंड लंडनकडे, एटना तुलूझकडे, इंडोनेशिया डार्विनकडे. त्यांचे नकाशे सगळ्यांना पाहता येतात. ज्वालामुखीच्या स्थितीसाठी विमानवाहतुकीत हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चार रंग वापरतात. नारिंगी म्हणजे उद्रेकाची शक्यता वाढली आहे, किंवा उद्रेक चालू आहे पण राख नाही किंवा थोडीच आहे. लाल म्हणजे भरपूर राख उडवणारा उद्रेक चालू आहे किंवा लवकरच अपेक्षित आहे.

आता सगळ्यांत कामाची गोष्ट. ही केंद्रं साधारण दर सहा तासांनी नवा नकाशा काढतात आणि त्यात पुढच्या १८ तासांचा अंदाज असतो. म्हणजे परवा सकाळी तुमच्या वाटेवर राख असेल का, हे त्या नकाशावरून आज कळत नाही. आणि बंदर गाठायला रेल्वेनं किंवा जहाजानं लागणारा वेळ बरेचदा १८ तासांहून जास्त असतो. खात्री होईपर्यंत थांबलात, तर खात्री होईल तेव्हा जमिनीवरची वाट हातातून गेलेली असेल.

मग निर्णय नक्की कधी घ्यायचा?

उलटी मोजणी करा. जहाज सुटण्याच्या वेळेपासून मागे या.

समजा, जहाज बार्सिलोनाहून रविवारी संध्याकाळी ५ ला सुटतंय. चेक-इन साधारण तास-दीड तास आधी बंद होतं, म्हणजे दुपारी साडेतीन. टर्मिनलवर तुम्ही त्याच्याही दोन तास आधी हवेत, म्हणजे दीड वाजता. तुम्ही पॅरिसपर्यंत पोचला आहात आणि पुढचं विमान शनिवारी संध्याकाळी आहे. पॅरिसहून बार्सिलोनाला थेट रेल्वे आहे, पावणेसात-सात तास लागतात, पण दिवसभरात थेट गाड्या मोजक्याच. रविवारी सकाळची गाडी थोडी उशिरा आली की सगळं गणित कोसळतं. म्हणून तुमची शेवटची भरवशाची गाडी शनिवार दुपारची. ती पकडायची तर शनिवारी सकाळी १० ला निर्णय झाला पाहिजे. विमानकंपनी रद्द करो वा न करो, १० वाजता नकाशावर राख तुमच्या वाटेवर असेल तर स्टेशनकडे निघायचं.

ही वेळ मोठ्या अक्षरात कागदावर लिहा. त्याखाली चार ओळी: शेवटची गाडी किंवा फेरी कोणती, ती कुठून सुटते, क्रूझ कंपनीचा आणीबाणीचा फोन नंबर, क्रूझ कंपनीच्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर. कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. आमच्या ताईनं असाच कागद केला होता. कातानियाला जाणारं त्यांचं विमान पालेर्मोला उतरवलं, तेव्हा बाकीचे प्रवासी बस येणार की नाही याची चौकशी करत उभे राहिले. ताईच्या कागदावर लिहिलेलं होतं: ‘पालेर्मो – कातानिया, बस, सुमारे तीन तास.’ ती आणि भावोजी पुढच्या बसमध्ये होते. भावोजींना आधी तो कागद म्हणजे उगीच काळजी वाटली होती. त्या दिवसापासून प्रत्येक प्रवासाचा कागद तेच लिहितात.

माझं विमान अजून वेळेवर दाखवतंय. धोका न पत्करता मीच तिकीट रद्द करू का?

करू नका. तुम्ही रद्द केलंत तर ते तुमच्या मर्जीनं रद्द झालं असं धरलं जातं आणि तिकिटाच्या अटींप्रमाणे पैसे जाऊ शकतात. कंपनीनं रद्द केलं तर रिफंड किंवा दुसरं विमान हा तुमचा हक्क होतो. आधी पाहा, कंपनीनं राखेमुळे फुकट तारीख बदलण्याची सवलत जाहीर केली आहे का. केली असेल तर ताबडतोब एक-दोन दिवस आधीचं विमान घ्या.

तोवर दुसरा पर्याय हातात ठेवा: पैसे परत मिळतील असं रेल्वेचं तिकीट, फुकट रद्द होणारी हॉटेलची खोली. त्यात थोडे पैसे अडकतील, ते अडकू द्या. पण त्याच कंपनीचं, त्याच नावानं, त्याच दिवसाचं दुसरं विमान-तिकीट काढू नका. दुहेरी बुकिंग म्हणून कंपनीची यंत्रणा त्यांतलं एक आपोआप उडवू शकते.

जाण्याचं विमान सोडून रेल्वेनं गेलो, तर परतीचं तिकीट चालेल का?

एकाच बुकिंगमध्ये जाऊन-येऊन असेल आणि तुम्ही पहिल्या विमानाला हजर राहिला नाहीत, तर बहुतेक कंपन्या तुम्हाला नो-शो धरून पुढची सगळी तिकिटं रद्द करतात. हे फार जणांना परतीच्या दिवशी काउंटरवर कळतं. म्हणून स्टेशनकडे निघण्याआधी कंपनीला कळवा, परतीचा प्रवास कायम ठेवायला सांगा आणि ते लेखी घ्या. चॅटवर बोललात तर स्क्रीनशॉट काढा. कंपनीनंच विमान रद्द केलं असेल तरी परतीचा भाग शाबूत आहे ना, हे विचारून घ्या.

रेल्वे, फेरी, बस, भाड्याची गाडी: कशाच्या मागे लागावं?

आधी रेल्वे. २०१० मध्ये लंडन-पॅरिसच्या युरोस्टारनं जादा गाड्या सोडल्या आणि त्याही भरल्या. विमानं थांबल्यावर पहिल्या काही तासांत रेल्वेची आरक्षणं संपतात, त्यामुळे बातमी आली की त्याच संध्याकाळी तिकीट पाहा. थेट गाडी भरली असेल तर प्रवासाचे तुकडे करा. अधल्यामधल्या शहरापर्यंतच्या साध्या गाड्यांत जागा सापडते, कारण बहुतेक लोक फक्त थेट गाडीच शोधतात.

फेरी हा पर्याय लोक विसरतात, आणि क्रूझवाल्यांनी तो विसरू नये, कारण फेरी बरेचदा त्याच बंदरात लागते. बार्सिलोना आणि रोमजवळचं चिव्हिताव्हेक्किया यांच्यामध्ये रात्रभर चालणारी फेरी आहे, साधारण २० तासांची. नेदरलंड्सच्या हूक ऑफ हॉलंडहून इंग्लंडच्या हार्विचला फेरी जाते. मात्र प्रत्येक फेरी पायी प्रवाशांना घेत नाही, काही फक्त गाडीसह येणाऱ्यांसाठी असतात. हे तिकीट काढायच्या आधी विचारा.

भाड्याची गाडी कागदावर सोपी वाटते. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडायचा आकार भरमसाट असतो, सीमा ओलांडायला कंपनीची परवानगी लागते, आणि अशा दिवसांत गाड्या शिल्लकच राहत नाहीत. शिवाय रात्रभर न झोपता अनोळखी रस्त्यावर हजार किलोमीटर हाकणं मला राखेपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. दोन चालक असतील आणि सहा-सात तासांत पोचत असाल तरच या वाटेला जा. लांब पल्ल्याच्या बसचं तिकीट बऱ्याचदा शेवटपर्यंत मिळतं. पाठ दुखेल, पण बस पोचवते.

मी दुसऱ्या खंडातून येतोय. मला रेल्वेनं कसं जाता येईल?

पूर्ण वाटेसाठी विमानाला पर्याय नाही हे खरं. पण राख सगळ्या खंडावर एकाच वेळी पसरत नाही. २०१० मध्ये लंडन, फ्रँकफर्ट, अ‍ॅमस्टरडॅम बंद असताना स्पेनचा बराचसा भाग चालू होता, आणि हजारो लोक माद्रिदला उतरून पुढे जमिनीवरून गेले. राखेच्या कडेला, चालू असलेल्या विमानतळावर उतरायचं आणि उरलेला टप्पा रेल्वेनं किंवा बसनं करायचा.

कंपनीशी बोलताना हेच मागा. ‘मला लंडनला पोचवा’ म्हटलं की उत्तर ‘पोचवू शकत नाही’ असं येतं. ‘मला माद्रिदला किंवा रोमला उतरवा, पुढचं मी बघतो’ म्हटलं की काउंटरवरचा माणूस कीबोर्डकडे वळतो. दोन-तीन विमानतळांची नावं आधीच काढून ठेवा. रांगेत उभे असतानाच फोन आणि अ‍ॅप दोन्हीकडून प्रयत्न चालू ठेवा. जो मार्ग आधी लागेल तो घ्यायचा.

जहाज बेटावरून सुटणार असेल तर?

तिथे पर्याय कमी, म्हणून दिवस जास्त हाताशी ठेवा. सिसिली त्यातल्या त्यात सोपी: कातानिया बंद असेल तर पालेर्मो किंवा कोमिझो, आणि इटलीच्या मुख्य भूमीवरून येणारी रेल्वे तर मेसिनाच्या सामुद्रधुनीत अख्खी फेरीवर चढून पलीकडे जाते. २०२१ मध्ये स्पेनच्या ला पाल्मा बेटावर उद्रेक चालू असताना विमानतळ अधूनमधून बंद व्हायचा, तेव्हा लोक फेरीनं तेनेरिफे बेटावर जात-येत होते. आइसलंडला मात्र प्रवासी फेरी एकच, डेन्मार्कच्या हिर्ट्सहाल्सहून फेरो बेटांमार्गे पूर्व किनाऱ्यावरच्या सेदिसफ्योर्दुरला जाणारी, आणि तिला दोन दिवसांहून अधिक लागतात. रेक्याविक तिथून बेटाच्या दुसऱ्या टोकाला. तिच्यावर योजना बांधू नका, लवकर पोचा.

आम्ही वाटेत आहोत म्हटल्यावर जहाज थांबेल का?

थांबेल असं धरून चालू नका. बंदरातली जागा, भरती-ओहोटी, पुढच्या बंदराची वेळ हे सगळं बांधलेलं असतं. क्रूझ कंपनीच्याच विमान-पॅकेजमधले पुष्कळ प्रवासी एकत्र अडकले असतील तर कधीकधी थोडा वेळ काढतात. दोन माणसांसाठी नाही.

जहाज सुटलं तर पुढच्या बंदरावर चढता येईल का?

कधी येतं, कधी कायद्यानंच येत नाही. म्हणून आधी विचारल्याशिवाय पुढच्या बंदराचं तिकीट काढू नका.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथला १८८६ चा कायदा सांगतो की परदेशी नोंदणीच्या जहाजानं प्रवाशाला एका अमेरिकी बंदरातून घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात सोडायचं नाही. त्यातून काही सवलती आहेत, पण थोड्या. बहुतेक मोठी क्रूझ जहाजं परदेशी नोंदणीचीच असतात. सिॲटलहून निघून वाटेत कॅनडाचं बंदर घेऊन सिॲटललाच परत येणारी अलास्काची सफर चालते. पण तुमचं जहाज सिॲटलला चुकलं आणि तुम्ही अलास्कातल्या जूनोला चढलात, तर तुमच्यापुरता प्रवास जूनो ते सिॲटल होतो आणि तो या कायद्यात बसत नाही. तीच सफर कॅनडातल्या व्हँकूव्हरला संपणार असती, तर जूनोला चढायला हा कायदा आड आला नसता. युरोपातही पुढचं बंदर दुसऱ्या देशात असेल तर तिथल्या इमिग्रेशनची संमती लागते.

हे सगळं क्रूझ कंपनी आणि बंदरातला एजंट जुळवून देतात, पण तुम्ही जहाज सुटण्याआधी कळवलं असेल तरच. न कळवता गैरहजर राहिलात तर तुमची पूर्ण सफर रद्द धरली जाऊ शकते. फोन लागत नसेल तर ईमेल करा, वेळेची नोंद राहते.

व्हिसाचं काय?

पर्यायी वाट आखताना ही पहिली तपासणी. पॅरिसमार्गे रेल्वेनं साउदॅम्प्टन गाठायचं तर शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा-प्रदेश) आणि ब्रिटन दोन्हींची परवानगी लागेल, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा असेल आणि राखेमुळे तुम्ही आत येऊन बाहेर पडून पुन्हा आत येणार असाल, तर दारातच अडाल. क्रूझसाठी अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा.

विमानकंपनीकडून काय मिळतं?

युरोपीय संघाच्या २६१/२००४ नियमाखाली, संघातल्या विमानतळावरून निघणारं कुठलंही विमान, किंवा संघातल्या कंपनीचं बाहेरून तिथे येणारं विमान रद्द झालं तर रिफंड किंवा दुसऱ्या मार्गानं प्रवास यांतलं एक तुम्ही निवडायचं. दुसरा मार्ग निवडलात तर वाट पाहण्याच्या काळातलं जेवण आणि हॉटेल कंपनीनं द्यायचं. राख ही असामान्य परिस्थिती असल्यानं वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही. पण जेवणा-राहण्याची जबाबदारी सुटत नाही: २०१० च्या राखेत अडकलेल्या एका प्रवासिनीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयानं २०१३ मध्ये हे स्पष्ट केलं. रिफंड घेतलात की ही जबाबदारी तिथे संपते, म्हणून स्क्रीनवरचं रिफंडचं बटण घाईत दाबू नका.

अमेरिकेत रद्द झालेल्या विमानाचे पैसे कारण काहीही असलं तरी परत मिळतात, पण राखेच्या काळात हॉटेल देणं कायद्यानं बंधनकारक नाही.

आणि क्रूझ कंपनीकडून?

विमान आणि क्रूझ वेगवेगळं घेतलं असेल तर जहाज चुकणं ही तुमची अडचण. दोन्ही एकाच पॅकेजमध्ये असेल तर चित्र पालटतं. युरोपीय संघात विकलेल्या पॅकेजसाठी, टाळता न येणाऱ्या असामान्य परिस्थितीमुळे प्रवाशांना तिथवर नेण्यात मोठी अडचण आली, तर सफर सुरू होण्याआधी शुल्क न भरता रद्द करून पूर्ण पैसे मागता येतात. ब्रिटनमध्येही तसाच नियम आहे. म्हणून क्रूझ कंपनीकडूनच विमान घेणं जरा महाग पडलं, तरी राखेच्या टापूत मी ते घ्यायला सांगेन: अडकलात तर पुढच्या बंदरापर्यंत नेण्याची धडपड त्यांची असते. अटींमध्ये तसं लिहिलं आहे का, एवढं मात्र वाचा.

आता बातमी आलीय. आत्ता विमा काढला तर चालेल?

या उद्रेकासाठी बहुधा नाही. उद्रेक जाहीर झाला की विमा कंपनी त्याला माहीत असलेली घटना धरते, आणि त्यानंतर काढलेल्या पॉलिसीत त्याचा क्लेम बसत नाही. विमा क्रूझच्या बुकिंगच्या दिवशीच काढायचा असतो. पॉलिसीत दोन गोष्टी शोधा: नैसर्गिक आपत्तीत ज्वालामुखीची राख धरली आहे का, आणि जहाज चुकल्यास पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च मिळतो का. ‘विमानाला उशीर’ आणि ‘प्रस्थान चुकणं’ ही वेगळी कलमं असतात.

क्लेमसाठी विमानकंपनीकडून रद्द झाल्याचं कारणासह पत्र घ्या, त्याच दिवशी, विमानतळावरच. पावत्यांचे फोटो काढा, कारण पावतीच्या कागदावरची शाई महिन्याभरात उडते.

बंदराच्या गावी किती दिवस आधी पोचावं?

राख असो नसो, किमान एक दिवस. वाटेवरचा ज्वालामुखी नारिंगीवर असेल किंवा जहाज बेटावरून सुटत असेल तर दोन, जमल्यास तीन. २०१० सारख्या आठवड्याला तीन दिवसही पुरले नसते, पण एटना किंवा आगुंगसारख्या नेहमीच्या खोळंब्याला पुरतात.

सामान कसं घ्यावं?

राखेची बातमी असेल तर शक्यतो सगळं हातातल्या बॅगेत. चेक-इन झाल्यावर विमान रद्द झालं तर मोठी बॅग परत मिळायला तास जातात, आणि तेवढ्यात तुमची गाडी निघून जाते. मोठी बॅग न्यावीच लागली तर औषधं, चष्मा, चार्जर, क्रूझचे कागद आणि एका दिवसाचे कपडे खांद्यावर ठेवा. बॅग मागे राहिली तर ती पुढच्या बंदरावर पाठवता येते, तुम्हाला तसं पाठवता येत नाही. राख पडत असलेल्या शहरातून जाणार असाल तर एन-९५ मास्क घ्या आणि कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा लावा.

सोबत वयस्कर आई-वडील आणि लहान मूल आहे. तरी हे सगळं करायचं?

तुमची उलटी मोजणी वेगळी असेल. रात्रीच्या बसचे १४ तास ऐंशीच्या घरातल्या माणसाला झेपत नाहीत. तेव्हा निर्णयाची वेळ आणखी एक दिवस अलीकडे आणा आणि मधे एक हॉटेल धरा. आणि सफर सोडून द्यायची वेळही घरी बसूनच ठरवा. विमानतळाच्या लाद्यांवर, झोप न झालेल्या अवस्थेत, गेलेल्या पैशांकडे बघत घेतलेला निर्णय बहुतेकदा आणखी पुढे रेटायचा असतो. आईच्या गोळ्या दोनच दिवस पुरणार असतील, तर परत फिरणं हाच बरोबर निर्णय आहे, आणि तो घेणाऱ्याला घरातल्या कुणी बोल लावू नये.

सफर छान झाली, पण उतरायच्या दिवशी राख आली तर?

हे तुलनेनं सोपं, कारण आता तुमचं कुठलं जहाज चुकणार नाही. उतरण्याआधी, जहाजावरचं इंटरनेट चालू असतानाच, दोन रात्रींचं फुकट रद्द होणारं हॉटेल धरा. विमानतळाजवळ घेऊ नका, तिथे सगळे अडकलेले लोक असतात. रेल्वे स्टेशनजवळ घ्या. जहाजाच्या अतिथी कक्षात विचारा: २०१० च्या एप्रिलमध्ये सेलिब्रिटी एक्लिप्स हे नवंकोरं जहाज आपला ठरलेला कार्यक्रम बाजूला ठेवून स्पेनच्या बिल्बाओला गेलं होतं आणि अडकलेल्या सुमारे २,००० प्रवाशांना घेऊन साउदॅम्प्टनला आलं होतं. जहाज पुढच्या सफरीवर तुमच्याच दिशेला निघणार असेल आणि खोल्या रिकाम्या असतील, तर विकत मिळू शकतात. व्हिसा संपत येत असेल तर तो संपण्याआधीच स्थानिक इमिग्रेशन कार्यालयात जा आणि विमान रद्द झाल्याचं पत्र सोबत न्या.